सड्यावरचा चौथा पाय : एका कातळशिल्पाच्या त्रिमितीय नोंदीची रोजनिशी

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

राजापूर तालुका. गावाचं आणि सड्याचं, म्हणजे कातळाच्या सपाट माळाचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. शिल्पाच्या पलीकडे चाळीसेक मीटरवर चिरेखाणीची कड आहे आणि भोवती साधा गडगाही, म्हणजे दगडांचा बांधही, नाही. जागा राखायची काही सोय होईपर्यंत ठिकाण आमच्यातच राहील.

आज फक्त पाहणी. मी, फोटो काढणारा मित्र, भूगोल शिकणारे दोन विद्यार्थी आणि गुरं राखणारे आबा. कातळावरचं गवत वाळून पिवळं पडलंय. साधारण १४ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद पट्ट्यात खोदलेल्या रेषा दिसतात : एक चौपायी प्राणी, दोन मासे आणि एक चौकोनी रचना. तिला काय म्हणावं ते सुचत नाही, म्हणून वहीत ‘चौकट’ असंच लिहिलं. प्राण्याचे तीन पाय स्पष्ट दिसतात. चौथा असायला हवा तिथे माती साचली आहे आणि कातळही खडबडीत आहे.

चार रेषांमध्ये पांढरी भुकटी अडकलेली सापडली. फोटो उठून दिसावा म्हणून कोणीतरी खडू किंवा रांगोळी भरली असणार. हे पाहून खूप वाईट वाटलं. रांगोळी भरणारा रेषा ठरवून मोकळा होतो आणि पुढचा माणूस कातळाऐवजी त्याची रांगोळीच बघतो. आम्ही काहीही भरणार नाही, ओलं करणार नाही, घासणारही नाही. मऊ केरसुणीने सुटं गवत बाजूला करायचं, बस.

उजेड सकाळी साडेसात ते नऊ उत्तम. ऊन आडवं असेपर्यंत रेषांना सावली मिळते. दुपारी बाराला तोच कातळ सपाट दिसतो.

१५ डिसेंबर २०२४

ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला, म्हणजे नियमांत ‘नॅनो’ गटातला. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर हा भाग हिरव्या पट्ट्यात येतो, हे काल रात्रीच तपासलं होतं.

कातळावर ठेवला की ड्रोन पुन्हा पुन्हा कंपास कॅलिब्रेट करायला सांगायचा. जांभ्या दगडात लोह भरपूर. देवाचे गोठणे इथल्या कातळात खोदलेल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते हे कोकणात पुष्कळांना ठाऊक आहे, मीही तिथे होकायंत्र ठेवून पाहिलंय. आमचा सडा तेवढा विलक्षण नसेल, पण ड्रोनला त्रास द्यायला पुरेसा निघाला. आबांच्या घरून प्लास्टिकची खुर्ची आणली, तिच्यावरून उड्डाण केलं आणि तक्रार थांबली.

२० मीटर उंचीवरून, शेजारशेजारचे फोटो ८० टक्के एकमेकांवर येतील अशा रांगा घेतल्या. या उंचीवर एका पिक्सेलमध्ये जमिनीचा सुमारे पाऊण सेंटिमीटर भाग येतो. सड्याचा नकाशा करायला हे पुरेसं आहे. पण दीड-दोन सेंटिमीटर खोल रेषेचा काठ गोल आहे की धारदार, हे यातून कळायचं नाही. त्यासाठी कॅमेरा हातात घेऊन चालावंच लागेल.

२८ डिसेंबर २०२४

जवळून फोटो काढण्याचा दिवस. काठीवर कॅमेरा, जमिनीपासून अडीच मीटर. २४ मिलिमीटरची लेन्स, फोकस टेप लावून पक्का केलेला, एक्स्पोजर हाताने ठरवलेलं. एका पिक्सेलला साधारण ०.४ मिलिमीटर जमीन. प्रत्येक पावलाला एक फोटो, सगळे अनवाणी. एकूण ३९६ फोटो. सकाळच्या उन्हात सावल्या सरकतात आणि जुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला ते सोसत नाही, म्हणून आजचं ढगाळ आभाळ फायद्याचं ठरलं. डोळ्यांना हवं आडवं ऊन आणि संगणकाला हवा सपाट उजेड, हे विद्यार्थ्यांच्या पटकन लक्षात आलं.

ही पद्धत तशी सोपी आहे. एकाच खुणेचे वेगवेगळ्या जागांवरून फोटो काढले की प्रत्येक फोटोत ती खूण थोडी सरकलेली दिसते. त्या सरकण्यावरून कॅमेरा कुठे होता आणि खूण किती उंचीवर आहे, दोन्ही काढता येतं. अशा लाखो खुणांचा ठिपक्यांचा ढग तयार होतो. मापाच्या दोन पट्ट्या चौकटीजवळ ठेवल्या होत्या, त्यांवरून प्रमाण ठरलं.

गावातल्या एका काकूंनी दुपारी जेवायला बोलावलं. लॅपटॉपवर माशांचे फोटो दाखवले तर त्यातल्या एकाकडे बघून म्हणाल्या, “ही पाकट आहे. शेपटी बघ ना.” मी वहीत ‘मासा २’ लिहिलं होतं. खाडीकाठी वाढलेल्या बाईला जे एका नजरेत दिसलं, ते माझ्या यादीत नव्हतं. त्यांच्या परवानगीने ‘ओळख कोणी सांगितली’ हा रकाना आजपासून सुरू केला.

५ जानेवारी २०२५

पहिलं मॉडेल तयार. १६ जीबीचा लॅपटॉप रात्रभर चालला. पडद्यावर सुंदर दिसतं, पण चुकीचं आहे. कातळ मधे फुगलेला आणि कडांना वाकलेला दिसतो.

सगळे फोटो सरळ खाली बघून, एकमेकांना समांतर काढले की लेन्सच्या वक्रतेतली बारीक चूक गणितात साचत जाते आणि सपाट जमीन घुमटासारखी होते. हे आधीच माहीत होतं. थंडी आणि घाई यांत तिरके फोटो राहून गेले. ती चूक माझीच.

तरी जमीन खरोखरच मधे उंच असेल का, हा प्रश्न उरतोच. पडद्यावर बसून तो सुटणार नाही.

११ जानेवारी २०२५

गावातल्या गवंड्याकडून लेव्हल पाइप मागून आणला. पारदर्शक नळीत पाणी, दोन टोकांना दोन माणसं. सड्यावर नऊ ठिकाणी पातळी घेतली. मॉडेलमध्ये मध्यभाग कडांपेक्षा ४ सेंटिमीटर वर होता, प्रत्यक्षात तो अर्धा सेंटिमीटर खाली आहे. नळीतल्या पाण्याला लेन्सची वक्रता ठाऊक नसते.

मग चारही बाजूंनी २०-३० अंश तिरके १५२ फोटो घेतले. कातळावर खूण न करता, कागदी चकत्या दगडांनी दाबून त्यांचे बिंदू टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, मोजले. नव्या मॉडेलमधला फुगवटा गेला. तपासणीसाठी वेगळे राखलेले बिंदू ३ मिलिमीटरच्या आत जुळले.

उंचीचा एक घोळही निस्तरला. जीएनएसएसने, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या यंत्रणेने, सडा समुद्रसपाटीपासून अवघा १७ मीटर दाखवला होता. खाडीतून चढून आलेल्या कोणालाही हे पटायचं नाही. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. भारताच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षणाचा मोठा खळगा असल्याने आपल्याकडे खरी समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या बरीच खाली येते, या किनाऱ्यावर साठ मीटरांहूनही जास्त. ती दुरुस्ती घातल्यावर सडा आपल्या जागी आला. कोकणात ड्रोनचे नकाशे करणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

१२ जानेवारी २०२५

परतीच्या वाटेवर कशेळीचा कातळात खोदलेला हत्ती. सुमारे १८ मीटर बाय १३ मीटरची बाह्यरेषा आणि तिच्या पोटात कितीतरी लहान प्राणी. उभं राहून एका नजरेत हत्ती मावत नाही. मागे मागे सरकत गेलं तरी सोंड नजरेतून सुटते. ड्रोनच्या फोटोत तो एका क्षणात दिसतो आणि त्यामुळे एक फसगत होते : खोदणाऱ्याने हे चित्र वरून कधीच पाहिलं नसणार. त्याने ते चालत चालत, पायाखाली ठेवून काढलं. म्हणून आमच्या मॉडेलमध्ये वरून दिसणाऱ्या दृश्याशेजारी, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसणारं दृश्यही द्यायचं ठरवलं.

कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ अशी कातळशिल्पांची नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यामागे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांची वर्षानुवर्षांची पायपीट आहे. गावोगाव जाऊन, गुराख्यांना विचारून त्यांनी सडे शोधले. आम्ही जे करतोय ते त्या वाटेवरचं पुढचं पाऊल आहे, पहिलं नाही.

२ फेब्रुवारी २०२५

चौथा पाय सापडला!

उंचीच्या नकाशावर कृत्रिम उजेड टाकून सावल्या पाडल्या. वायव्येकडून, ४५ अंशांवरून, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये मुळातच असतो तो कोन. प्राण्याच्या पोटाखालून एक रेषा स्वच्छ उतरते आणि खाली थोडी पुढे वळते, खुरासारखी. माती साचलेल्या जागेतूनच. दोघा विद्यार्थ्यांना रात्री साडेदहाला फोन केला. रेषा व्हेक्टरमध्ये आखून घेतली, चित्र पूर्ण झालं. आबांना दाखवायला छापील प्रत काढली.

८ फेब्रुवारी २०२५

आबांनी कागद बराच वेळ उलटसुलट बघितला. मग म्हणाले, “ह्यो पाय नाय, पोरी. पावसात हितं पानी ठरत नाय.”

एवढंच बोलून ते गुरांमागे गेले. मी जरा दुखावले. संगणकात तर ती रेषा बाकीच्या रेषांइतकीच खोल आहे.

१५ फेब्रुवारी २०२५

आबांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं, म्हणून शांतपणे पुन्हा बसले.

एकाच दिशेच्या उजेडात त्या दिशेला आडव्या जाणाऱ्या रेषा फुगून दिसतात आणि समांतर जाणाऱ्या बुजतात. म्हणून आता उजेड सोळा दिशांनी फिरवला. सोबत दुसरी पद्धत घेतली : प्रत्येक बिंदूवरून किती आभाळ दिसतं याचा नकाशा. खड्ड्यातून कमी आभाळ दिसतं, उंचवट्यावरून जास्त, आणि यात उजेडाच्या दिशेचा संबंधच नसतो. प्राण्याचे तीन पाय, पाठ, शेपूट सगळ्या नकाशांत टिकले. चौथा पाय सोळापैकी सहा दिशांत चांगला दिसला, बाकींत फिका. आभाळाच्या नकाशात तो वाकडातिकडा होतो आणि आकृतीबाहेर आणखी दोन मीटर पुढे जातो, जिथे प्राण्याला काही असण्याचं कारण नाही.

मग आडवे छेद घेतले, दर पाच सेंटिमीटरला एक. खात्रीच्या रेषांचा छेद उथळ वाटीसारखा : रुंदी ३० ते ४० मिलिमीटर, खोली १५ ते २२, तळ गोलसर. चौथ्या पायाचा छेद पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. खोली दर छेदाला बदलते, कुठे ८ तर कुठे ३० मिलिमीटर.

बहुतेक ही भेग आहे. ‘बहुतेक’ म्हणते, कारण खोदणाऱ्याने आधीच असलेली भेग पाय म्हणून वापरली असंही होऊ शकतं. खडकाच्या मूळ आकाराचा उपयोग करून काढलेली चित्रं जगात इतरत्र आहेत. हे छेदांवरून ठरणार नाही.

१ मार्च २०२५

रात्रीचं काम : एका जागी पक्का बसवलेला कॅमेरा आणि दर फोटोला जागा बदलणारा फ्लॅश. ही पद्धत एचपी लॅब्जमध्ये टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या गणितावर उभी आहे. फोटोत येतील असे दोन चकचकीत काळे गोळे ठेवायचे. गोळ्यावर उजेडाचा ठिपका कुठे पडतो, त्यावरून सॉफ्टवेअर उजेडाची दिशा काढतं. मग पडद्यावर बोट फिरवून हवा तिथून उजेड टाकता येतो. फ्लॅशचं अंतर सगळीकडे सारखं राहावं म्हणून तीन मीटरची सुतळी बांधली : एकाने फ्लॅश धरायचा, दुसऱ्याने सुतळीचं टोक कातळाच्या वर हवेत धरायचं आणि फोटोच्या क्षणी सोडायचं. ४८ फोटो. वारा सुटल्यावर कॅमेऱ्याचा आडवा दांडा हलायचा, त्यामुळे पहिले दोन संच फुकट गेले. तिसरा पहाटे दोनला जमला.

परिणाम पाहून सगळे गप्प झाले. खात्रीच्या रेषांच्या तळाशी ठोकल्याच्या बारीक खळग्या दिसतात, एकीला एक लागून. इथे कोणीतरी बसून दगडाने किंवा आणखी कशाने ठोकत होतं, आणि त्याच्या एकेका ठोक्याची जागा आज उजेड फिरवला की दिसते. मी त्या रात्री झोपले नाही.

‘चौथ्या पाया’च्या तळाशी खळग्या दिसल्या नाहीत. पण तिथे मातीही आहे आणि माती काढायची नाही असं आम्हीच ठरवलंय. पुराव्याचा अभाव म्हणून लिहिलं, पुरावा म्हणून नाही.

१३ मार्च २०२५

होळी. काम बंद.

१९ एप्रिल २०२५

घरूनच काम. उंचीच्या नकाशावर पाणी ‘ओतून’ पाहिलं : खळगे भरण्याचं गणित, जे एरवी ओढ्यांच्या पाणलोटासाठी वापरतात. आबांच्या वाक्याची परीक्षा घ्यायची होती. मॉडेल म्हणतं पाणी तिन्ही पायांत साचेल, पाकटीत साचेल, चौकटीत साचेल आणि चौथ्या पायातही साचेल, सर्वांत जास्त. म्हणजे आबांचं म्हणणं मॉडेलच्या थेट विरोधात जातं. दोघांपैकी एक चूक. जूनमध्ये जाऊन बघायचं ठरलं.

२५ मे २०२५

जून उजाडायची वाट पाहावीच लागली नाही. चार-पाच दिवस कोकणात धो धो पाऊस आहे आणि आज मान्सून महाराष्ट्रात आल्याचं जाहीर झालं, देवगडपर्यंत. मी काल रात्री गाडीने निघाले, सकाळी सात वाजता सड्यावर. छत्रीचा उपयोग नव्हता. इरलं घेतलेले आबा माझ्या आधी पोचले होते.

साडेआठला पाऊस वीस मिनिटं थांबला. आभाळ उजळलं आणि सड्यावर चित्र उमटलं. तसं दृश्य मी याआधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक रेषेत पाणी, प्रत्येक पाण्यात आभाळ. पाकटीची शेपटी चमकत होती. प्राण्याची पाठ, मान, तीन पाय, सगळं चंदेरी. सहा महिने फोटो काढून, गणितं करून जे उभं केलं, ते पाऊस वीस मिनिटांत काढून दाखवत होता, आणि आबा हे लहानपणापासून दर वर्षी बघत आलेत.

चौथा पाय कोरडा होता. म्हणजे ओला होता, पण त्यात पाणी नव्हतं. पाणी त्यात येत होतं आणि खाली जिरत होतं. कान लावला तर बारीक आवाज येतो.

आता कळलं. कॅमेऱ्याला पृष्ठभाग दिसतो, त्याखालचं दिसत नाही. मॉडेलच्या दृष्टीने भेग म्हणजे तीन सेंटिमीटर खोल, तळ असलेला खळगा. प्रत्यक्षात तिला तळच नाही. जांभा सच्छिद्र, आणि ही भेग आत कुठवर जाते कोणास ठाऊक. उलट ठोकून केलेल्या रेषेचा तळ घट्ट आहे, तिथे पाणी ठरतं.

आबांना म्हटलं, “तुमचंच बरोबर होतं.” ते म्हणाले, “मी काय केलं? पान्यानंच सांगितलं.”

त्या वीस मिनिटांत ६४ फोटो काढले. भिजलेल्या चकाकीमुळे मॉडेलसाठी निरुपयोगी, पण हेच या कामातले सर्वांत मोलाचे फोटो आहेत.

१४ जून २०२५

पुण्यात. फाइलची रचना बदलली.

फेब्रुवारीत आखलेली पायाची रेषा पुसली नाही. तिला वेगळ्या थरात नेलं आणि सोबत लिहिलं : कधी आखली, कशावरून, कोणी हरकत घेतली, कोणत्या तपासण्या झाल्या, का काढली. २००९च्या लंडन चार्टरमध्ये संगणकीय पुनर्रचनेसाठी हीच अपेक्षा मांडलेली आहे : पुरावा कोणता आणि अंदाज कोणता ते वेगळं दिसावं, आणि निर्णय कसे घेतले त्याची नोंद राहावी. वाचताना ते कोरडं वाटलं होतं. आता त्याची गरज अंगावर आलेली आहे. मी फेब्रुवारीतच चार पायांचं गुळगुळीत मॉडेल पसरवलं असतं तर ते पुढे चित्रांत, पाट्यांवर गेलं असतं आणि कोणीतरी त्या पायावरून प्राणी ओळखू लागलं असतं.

प्रत्येक रेषेला आता तीनपैकी एक दर्जा आहे : खात्रीची, शक्य, नैसर्गिक. ११८ रेषाखंडांपैकी ८१ खात्रीचे, २२ शक्य, १५ नैसर्गिक. कृत्रिम रंग, गुळगुळीतपणा, भरलेली छिद्रं, काहीही नाही. जिथे फोटो पोचला नाही तिथे मॉडेलला भोकच ठेवलंय.

मूळ फोटो, ठिपक्यांचा ढग, उंचीचा नकाशा हे सगळं तीन ठिकाणी ठेवलं. एक डिस्क गावातल्या शाळेत.

२९ ऑगस्ट २०२५

गणपतीला चाकरमानी गावात आले, म्हणून बैठक आजच. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यातली अकरा माणसं हजर. काकूंच्या ओटीवर टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि मॉडेल फिरवून दाखवलं. मग मे महिन्यातले पावसाचे फोटो. ते लावल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजींनी लहानपणी त्या पाकटीच्या पाण्यात पाय बुडवून बसत असल्याचं सांगितलं.

चिरेखाणीचा विषय निघालाच. डिसेंबर आणि ऑगस्टच्या ड्रोन नकाशांची वजाबाकी दाखवली : खाणीची कड आठ महिन्यांत सहा मीटर आपल्या बाजूला सरकली आहे. हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण खाणीच्या वाटेने सध्या कोणी जात नाही. खाणीकडची जमीनही यांच्यातल्याच दोघांच्या वाटणीची आहे. आवाज चढले, मग उतरले. त्या दोघांनी या बाजूला पुढे खोदू द्यायचं नाही असं सगळ्यांसमोर कबूल केलं. कागदावर घ्यायचं बाकी आहे.

उक्षीच्या ग्रामस्थांनी हत्तीच्या शिल्पाभोवती बांधकाम करून ते जपलंय, त्याचा फोटो एकाने मोबाइलवर दाखवला. आपल्याकडे आधी चिऱ्यांचा साधा गडगा घालावा असं ठरलं. रेषा कुठून न्यायची हे मला विचारलं. मॉडेलवर सर्वांत बाहेरच्या खात्रीच्या रेषेपासून तीन मीटर सोडून आखून दिली. पूर्वेच्या बाजूला आबांनी थांबवलं. तिथे मातीखाली आणखी काहीतरी आहे म्हणाले, पाऊस पडला की एक गोल दिसतो. आमच्या नकाशात तिथे काहीच नाही.

गडग्याची रेषा पूर्वेला आणखी पाच मीटर सरकवली. त्या जागेला ‘शक्य’ दर्जा दिला, ‘ओळख कोणी सांगितली’च्या रकान्यात आबा. उद्या सकाळी पाऊस थांबला की तिथे जायचं आहे.